बिनटाक्याचं कापड

निमगाव केतकीत मी सात वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली पहिली दोन वर्षं माझ्या पँटी इंदापुरात शिवून घेतल्या. गावात टेलर नव्हता म्हणून नाही. माझ्या खोलीच्या अगदी समोर, बाजारतळाच्या कोपऱ्याला दस्तगीर मुलाणींचं दुकान होतं आणि माणूस शिवायचाही झकास. पण गावात येऊन आठ दिवस झाले नसतील तोच शाळेच्या शिपायानं मला सांगितलं, की इथल्या मुसलमानांपैकी कुणी पुरुष माणूस गेलं की त्याला शेवटची आंघोळ दस्तगीरचाचा घालतात आणि त्याचं कफनही तेच कापतात. झालं. त्या दिवसापासून चाचांच्या गळ्यातली पिवळी टेप नुसती दिसली तरी माझ्या कमरेपाशी गार वाटायला लागायचं. वर्गात पोरांना 'भूतबित काही नसतं, विज्ञान वाचा' असं ठणकावून सांगणारा मी, शाळा सुटली की कापड पिशवीत कोंबून इंदापूरची एस.टी. गाठायचो. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं, आणि सुशिक्षित माणसानं काय काय मानायचं नाही याची माझ्याकडे मोठी यादी होती.

इंदापूरचा टेलर माप घ्यायला लागला की मी पोट आत ओढून, श्वास रोखून उभा राहायचो, कारण मी तिशीतला होतो आणि स्वतःला सडपातळ समजत होतो. त्यामुळे पँटीसुद्धा श्वास रोखलेल्या माणसाच्या मापाच्या यायच्या. एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत होतो. सातपुडा झाला, खानदेश झाला, घाट उतरून कोकणात आलो. सिंधुदुर्गापाशी वाकलो आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत गेली. त्या वर्गातली पोरं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत, पण भेटली की अजून सिंधुदुर्गाची चौकशी करतात. मी पाठीशी हजेरीपट धरला, भिंतीला घासत शाळेबाहेर पडलो आणि दुसरा इलाजच नसल्यामुळे थेट चाचांच्या दुकानात शिरलो.

चाचा किडकिडीत होते. पांढरी आखूड दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि ओठांत कायम चार टाचण्या. त्या टाचण्यांमुळे त्यांना मोजकंच बोलायची सवय लागलेली.

"इंदापूरचा टाका दिसतुया," त्यांनी टाचण्या न काढता निदान केलं.

मला पडद्यामागं टॉवेल गुंडाळून बसवलं आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळानं मशीन थांबलं. "सर, दोन वर्सं समोर ऱ्हाताय. माझं काय चुकलं?"

टॉवेलवर बसलेल्या माणसाला खोटं बोलायचं बळ कुठून येणार? मी टेपेचं सगळं सांगून टाकलं. चाचांनी ओठांतल्या टाचण्या एक एक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि मग पोटभर हसले.

"टेप जित्या माणसाला, सर. गेलेल्याला मी वितीनं मापतो. आन् खरं सांगू का, मेलेलं माणूस मापात घोळ घालत न्हाय. त्ये पोट आत घेत न्हाय."

पँट झाल्यावर त्यांनी मला ती घालायला लावली, माझ्याभोवती एक फेरी मारली, मांडीवर चिकटलेला दोऱ्याचा तुकडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उचलला, फुंकून टाकला आणि म्हणाले, "हं. आता जावा."

हे ते सगळ्यांनाच करत. नवरदेव असो, सरपंच असो, शाळेचा गणवेश न्यायला आलेलं पोर असो, दोरा उचलल्याशिवाय आणि 'आता जावा' म्हटल्याशिवाय त्यांच्या दुकानातून कुणाची सुटका नसे. दोरा नसला तरी ते उचलत. मला वाटतं, आपल्या हातून माणूस नीटनेटका बाहेर पडला याची ती त्यांची पावती होती.

त्यानंतर माझी बैठक चाचांच्या दुकानातच पडायला लागली. भित्र्या माणसाची भीती मोडली की तो एकदम तज्ज्ञ होतो, तसं माझं झालं. मी चाचांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचो. कफन कापायला घेतलं की आधी ते ओठांतल्या टाचण्या काढून ठेवायचे, मग कॉलरला खोचलेली सुई काढायचे आणि दोन्ही डबीत घालून डबी फळीवर दूर ठेवायचे. कफनाला टाका नसतो. पुरुषाला तीन कापडं लागतात, तिन्ही पांढरी, तिन्ही बिनशिलाईची. बांधायलासुद्धा त्याच कापडाच्या पट्ट्या काढायच्या. जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाला हे कसं वाटत असेल, असं मी एकदा फार तत्त्वज्ञानी चेहरा करून विचारलं.

"कसं वाटायचं? पोर जन्मलं की पैलं फडक्यातच गुंडाळत्यात न्हवं? तितं कुठं टेलर असतो? मधल्या मधी आमचं दुकान चालतं."

आंघोळीबद्दल मात्र ते एक अक्षर बोलत नसत. ज्याला धुतलं त्याच्या अंगावर काय दिसलं ते तिथंच ठेवायचं, बाहेर आणायचं नाही, असा रिवाज आहे. गावात एक म्हातारे आतार होते. त्यांच्या पाठीवर तलवारीचा वण आहे, अशी साऱ्या गावाची समजूत होती आणि तो वण कसा पडला याच्या चार वेगवेगळ्या गोष्टी होत्या. म्हातारे गेले तेव्हा मीही इतर रिकामटेकड्यांबरोबर चाचांना गाठलं. "वण होता का हो चाचा?"

"पाणी कोमट हुतं," चाचा म्हणाले. "त्येवढंच बघितलं मी."

त्याच आतारांच्या मयतीला मी माझ्या आयुष्यातला पहिला जनाजा उचलला. सुतकी चेहरा करून बाजूला उभं राहण्यापेक्षा आपण खांदा द्यावा असं मला वाटलं. वाटलं ते खरंच वाटलं होतं, पण आपण खांदा देतोय हे चार लोकांनी बघावं असंही वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. पुढचा उजवा दांडा धरला आणि निघालो. दहा-बारा पावलांवर कुणीतरी मागून पाठीवर थाप मारली. मी समजलो, शाबासकी. मी आणखी जोरात चालायला लागलो. पुन्हा थाप. पुन्हा जोर. बाजारतळ गेला, पाण्याची टाकी गेली, कालव्याचा पूल गेला. माझ्या मागं माणसं धावत होती आणि मी मनात म्हणत होतो, काय हे प्रेम! कब्रस्तानाच्या फाटकाशी पोचेपर्यंत पाठीवर इतक्या थापा पडल्या होत्या की आत जनाजा टेकवल्यावर मी वळून सगळ्यांकडे नम्रपणे बघून हात जोडले.

कुणी हात जोडले नाहीत. खाटेमागं एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत, कपाळाला हात लावून उभे होते.

संध्याकाळी चाचांनी मला समजावलं. आपल्याकडे चौघं उचलतात आणि पार स्मशानापर्यंत नेतात. त्यांच्याकडे प्रत्येकानं थोडी पावलं चालायचं आणि मागच्याला जागा द्यायची, कारण खांदा देण्यात पुण्य आहे, सवाब आहे, आणि तो सगळ्यांना मिळायला हवा. मागून थाप पडली म्हणजे 'आता सोडा, माझी पाळी.' कपाळाला हात लावणारे म्हातारे आतारांचे भिगवणहून आलेले मेहुणे होते, आणि त्यांना मी पूर्ण रस्ताभर खाटेला खांदा लावू दिला नव्हता.

"तुमी एकट्यानं सगळ्या गावाचा सवाब खाल्ला, सर," चाचा म्हणाले. मग माझा सुजलेला खांदा हळदीनं शेकायला सांगून म्हणाले, "खांदा देणं सोपं असतंय. सोडणं जमत न्हाय कुणाला."

मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं भिगवणला जाऊन त्या मेहुण्यांची माफी मागून आलो. त्यांनी मला तळलेली मासळी खायला घातली आणि जाताना पाठीवर थाप मारली. ती मात्र खरी शाबासकी होती, असं समजायला मी मोकळा आहे.

शहाणपण इतक्यावर यायला हवं होतं. पण मी भूगोलाचा मास्तर. पुढच्या वर्षी कब्रस्तानाची जुनी जागा भरत आली म्हणून कालव्याच्या कडेचा पट्टा वापरायचं ठरलं, आणि तिथल्या पहिल्या कबरीच्या वेळी मी शाळेतलं होकायंत्र घेऊन हजर झालो. कबर उत्तर-दक्षिण खोदतात आणि माणसाचा चेहरा पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला करतात, एवढं मला चाचांकडूनच कळलं होतं. आता त्यात शास्त्र आणायचं मी मनावर घेतलं. खोदायचं काम बिरातात्यांकडे असायचं. बिरातात्या धनगर, एके काळी मेंढरं राखलेली, आता थोडा ऊस आणि थोडी खोदाईची कामं. त्यांच्याएवढी सरळ कड गावात दुसऱ्या कुणाला काढता येत नसे. मी गुडघ्यावर बसलो, होकायंत्र जमिनीवर ठेवलं, सुई थरथरून थांबली आणि मी जाहीर केलं, की गावातल्या आजवरच्या सगळ्या कबरी तिरक्या आहेत.

"सगळ्या?" बिरातात्या म्हणाले.

"सगळ्या. चांगल्या तीस अंशांनी."

जमलेली माणसं जुन्या कबरींकडे बघायला लागली. कुणाचा बाप तिथं होता, कुणाचा आजा. एका म्हाताऱ्याचा चेहरा असा काही उतरला की तो आठवला तर आजही मला लाज वाटते. बिरातात्यांनी निमूटपणे माझ्या सांगण्याप्रमाणं फक्कीची नवी रेघ मारायला घेतली. चाचा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "सर, ती पहार तेवढी उचलून तात्याकडं देता का? माझ्या हातात बळ न्हाय आता."

माझ्या होकायंत्रापासून वीतभर अंतरावर बिरातात्यांची मनगटाएवढी जाड लोखंडी पहार पडलेली होती. मी ती उचलली, दहा पावलं जाऊन तात्यांना दिली, परत येऊन होकायंत्राकडे पाहिलं. सुई गपचूप वळून जुन्या कबरींच्या रेषेत जाऊन बसली होती.

"काय म्हणती सुई?" चाचांनी विचारलं.

"जुन्या कबरी बरोबर आहेत," मी म्हणालो.

"व्हय का? बरं झालं तपासलं," चाचा म्हणाले, आणि त्या म्हाताऱ्याकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "सरांनी यंत्रानं बघितलं. समदं बरोबर हाय."

म्हणजे गावापुढं मी पडताळणी करणारा शास्त्रज्ञ ठरलो. दुकानात परत आल्यावर मी विचारलं, की पहारीचं तुम्हाला कसं कळलं? चाचांनी मशीनखालून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला प्रत्येक टेलरकडे असतं तसं. "चाळीस वर्सं सुयांत गेली, सर. लोखंड जवळ आलं की सुई इमान सोडती."

मला ते होकायंत्र पुन्हा बाहेर काढायची हिंमत पुष्कळ दिवस झाली नाही.

आता सलीमबद्दल सांगायला हवं. चाचांना एकुलता एक मुलगा. मी गावात आलो तेव्हा तो बारामतीला एका कारखान्यात नोकरीला होता आणि फक्त ईदेला यायचा. तो गाव सोडून का गेला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि चवीनं सांगितलं जायचं. सलीमचे चुलते गेले तेव्हा चाचांनी त्याला पाणी ओतायला आत घेतलं होतं. बोरीचा पाला घालून गरम केलेलं पाणी. सलीमनं पहिला तांब्या ओतला, पाण्याच्या धारेनं चुलत्यांचा हात फळीवरून घसरला आणि सलीमला वाटलं की त्यांनी हात हलवला. तांब्या टाकून तो पडद्याबाहेर पळाला तो थेट एस.टी. स्टँडवर. अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी बारामतीच्या गाडीत बसला. तेव्हापासून मयताच्या घरात त्यानं पाऊल टाकलं नव्हतं.

चाचा यावर कधी काही बोलत नसत. पण एकदा दुकानातल्या कपाटात मी माझं कापड शोधत होतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला ते टाचणीनं चिठ्ठी लावत, नाव आणि द्यायची तारीख लिहून. सगळ्यात खालच्या खणात पांढऱ्या कापडाची एक घडी होती. तिच्यावर चिठ्ठी होती, पण टाचणी नव्हती, चिठ्ठी नुसती घडीत सरकवलेली. नाव : दस्तगीर. तारीख कोरी. खाली तिसरी ओळ होती : 'हात सलीमचा.'

मी घडी जागेवर ठेवली. चाचांनी बघितलं होतं.

"वाचलं का?"

"चुकून."

"मला बाहेरच्या माणसानं धुतलं तरी मी पाकसाफ होईन, सर. त्याची काळजी न्हाय." ते कात्रीनं एक चिंधी उगाच कातरत राहिले. "पण त्येचं काय? त्येच्या हातातनं तांब्या पडला. मी बी गेलो आन् त्यो बाहेर उभा ऱ्हायला, तर मग त्यो तांब्या त्येच्यानं जन्मभर उचलवणार न्हाय. पोरगं आतल्या आत झुरंल माझं."

एवढं ते कधीच बोलले नव्हते. गहिवर आला की मला नेहमी भाषण सुचतं. पुढच्याच रविवारी मी बारामती गाठली.

सलीमनं त्याच्या खोलीवर मला बसवलं, स्टोव्हवर चहा केला. पंचविशीतला, शांत, बापासारखाच किडकिडीत पोरगा. मी सुरू झालो. मृत्यू हा निसर्गाचा नियम आहे, देह म्हणजे पंचमहाभूतं, स्नायूंचा ताठरपणा, गुरुत्वाकर्षण, पाण्याच्या धारेचा दाब. चुलत्यांचा हात कसा घसरला असेल हे मी त्याला चहाच्या बशीवर चमचा ठेवून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून विचारलं, "सर, तुमच्या वडलांना शेवटची आंघोळ तुमी घातली व्हती का?"

"हो तर," मी म्हणालो. "घातली की."

खोटं. साफ खोटं. माझे वडील बारामतीतच गेले, सलीमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. थोरल्या भावानं त्यांना आंघोळ घातली. मी तेव्हा चौकातल्या एस.टी.डी. बूथमध्ये उभा होतो. नातेवाइकांना कळवायला कुणीतरी हवंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं. बारा फोन केले. त्यातले सहा पुरे होते. एक तर अशा आत्तेभावाला केला, ज्याचं वडिलांनी मरेपर्यंत तोंड बघितलं नव्हतं. बूथवाला शेवटी म्हणाला, साहेब, मागं लायनीत माणसं आहेत. घरी आलो तर वडिलांना तिरडीवर बांधून झालं होतं. वर्गात भुतं हाकलणाऱ्या माणसाला स्वतःच्या बापाच्या पायावर हात ठेवायची छाती झाली नाही.

"मग तुमचं बरं हाय, सर," सलीम म्हणाला. "मला न्हाय जमत."

परत आल्यावर मी चाचांना काही सांगितलं नाही, पण बाजारतळावरच्या माणसाला कोण कुठून एस.टी.तून उतरलं ते कळतंच. "बारामतीला गेल्ता म्हणं. काय केलं पोरानं?"

"चहा केला."

"आलं घातलं व्हतं?"

"घातलं होतं."

"मग चांगला केला आसंल," चाचा म्हणाले आणि मशीन चालू केलं. ते त्या दिवशी दुपारभर खुशीत होते, आणि मला माझ्या खोटेपणाची लाज वाटत राहिली.

चाचा गेले ते माझ्या निमगावातल्या शेवटच्या वर्षी, उन्हाळ्यात, सकाळची नमाज करून दुकान उघडता उघडता. कुलपात किल्ली घातली होती. बिरातात्या धावत मला बोलवायला आले. बारामतीला सलीमच्या कारखान्यात फोन करायचं काम गावानं अर्थात मला दिलं. मी एकच फोन केला आणि बाहेर आलो.

मग बोरीचा पाला आणायला तात्यांबरोबर बांधावर गेलो. काट्यांनी हात ओरबाडून निघाले. घरामागच्या अंगणात चादरींचा आडोसा केला होता, आत लाकडी फळी, बाहेर चुलवणावर पाणी. चाचीची स्वतःची चूल बंद होती. तीन दिवस भाकरतुकडा शेजारच्या घरांतून येणार होता, आणि तात्यांच्या घरून पहिली पाटी आलीसुद्धा होती. आंघोळ घालायला इंदापूरहून दोन जाणती माणसं आली. त्यांनी खालच्या खणातली ती घडी उलगडली, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "सलीम कोण?"

सलीम दहाच्या गाडीनं आला होता. तो आडोशापासून चार पावलांवर दाराची चौकट धरून उभा होता. "तुमी घाला," तो त्या दोघांना म्हणाला. "मला न्हाय जमायचं. तुमीच घाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सर काहीतरी बोलतील. सर नेहमी बोलतात. मी त्याच्याजवळ गेलो. पंचमहाभूतं, गुरुत्वाकर्षण, सगळं शिकवलेलं कुठल्या कुठं गेलं होतं.

"सलीम, मी तुला खोटं सांगितलं," मी म्हणालो. "मी नाही घातली माझ्या वडिलांना आंघोळ. घाबरलो. बाहेर उभा राहून फोन करत बसलो. आता आठ वर्षं झाली, मी अजून तिथंच उभा आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं चौकट सोडली, शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या आणि चादर बाजूला करून आत गेला.

आम्ही बाहेर उभे राहिलो. आत हलक्या आवाजात कुणी काही सांगत होतं. पाण्याची पहिली धार पडल्याचं ऐकू आलं. आणि मग तांब्या पडला. फरशीवर खणखणत, गोल फिरत पडला. बिरातात्यांनी माझं मनगट धरलं. चाची दारात बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी स्टँडच्या दिशेच्या दाराकडे बघायला लागलो, आणि खरं सांगतो, मी मनातल्या मनात चाचांची विनवणी करत होतो, जणू ते अजून काहीतरी करू शकणार होते.

आत कुणीतरी तांब्या उचलला. बादलीत बुडवल्याचा आवाज आला. पुन्हा पाणी पडायला लागलं आणि मग ते थांबलं नाही.

जनाजा निघाला तेव्हा मी पुढचा उजवा दांडा धरला. दहा पावलं मोजली. थाप पडायच्या आधीच मी खांदा काढून घेतला. माझ्या मागं भिगवणचे ते म्हातारे मेहुणे होते. ते पुढं झाले.

कब्रस्तानात नमाज झाली, आम्ही बाकीचे बाजूला उभे होतो. मग कबरीशी गेलो तर बिरातात्या म्हणाले, "सर, येकदा बघा की. त्येंना बरं वाटंल." माझ्या खिशात होकायंत्र होतं. ते सकाळीच का उचललं, मला माहीत नाही. मी म्हणालो, "आधी ती पहार लांब ठेवा." तात्यांनी पहार उचलून पार कालव्यापर्यंत नेऊन ठेवली. सुई थरथरली आणि जुन्या कबरींच्या रेषेत थांबली. "बरोबर आहे," मी म्हणालो. माझा आवाज बरोबर नव्हता.

चाचांना खाली उतरवून घ्यायला सलीम कबरीत उतरला होता. त्यानं त्यांना अलगद ठेवलं, कफनाच्या पट्ट्यांच्या गाठी सोडल्या आणि चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून चेहरा पश्चिमेकडे वळवला. वर फळ्या घेऊन माणसं थांबली होती. कुणीतरी म्हणालं, "सलीम, चल आता." तो निघाला, आणि पुन्हा वाकला. कापलेल्या कापडाचा एक दोरा चाचांच्या दाढीला चिकटला होता. त्यानं तो अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उचलला, फुंकून टाकला आणि बापाकडे एकदा नीट पाहिलं.

"हं," तो हळूच म्हणाला. "आता जावा, अब्बा."